शुभ्र तांदळाची किंमत

आपल्या भाषेनें या एका धान्याला जितकीं नांवें दिलीं आहेत, तितकीं दुसऱ्या धान्याच्या वांट्यास क्वचितच आलीं असतील. शेतांत उभें असतें तें भात. त्याचें तूस निघालें म्हणजे तो तांदूळ. आणि चुलीवर शिजला कीं पुन्हां भात. दाणा फुटला तर कणी, पातळ शिजविला तर पेज, भाजून फुलविला तर लाह्या. भाताचा तांदूळ करण्याच्या एकट्या कामासाठींच भरडणें, सडणें, कांडणें, पाखडणें, घोळणें असे निरनिराळे शब्द आहेत. ज्या कामाला इतके शब्द लागतात, तें समाजाच्या आयुष्यांत किती खोल रुजलेलें असलें पाहिजे, हें वेगळें सांगावयास नको. आज यांतील बहुतेक शब्द शहरांतल्या मुलांच्या कानांवर येत नाहींत. आणि शब्दांबरोबर तांदळावरचा एक थरहि आपल्या ताटांतून नाहींसा झाला आहे. हा थर कसा गेला, तो गेल्यामुळें काय झालें, आणि तो परत आणावयाचा तर कोणाच्या श्रमानें, या तीन प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे.

या कथेसाठीं फार दूर जावयास नको. कल्याणाहून कर्जताकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें ओळीनें लागतात. राजमाचीच्या परिसरांतील डोंगरांतून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वाट काढीत कल्याणच्या खाडीकडे जाते. आणि तिच्या खोऱ्यांतील पाणथळ जमीन शतकानुशतकें भाताचीच म्हणून ओळखली गेली. अंबरनाथ येथील शिलाहारकालीन शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. एवढें नक्षीदार दगडी देऊळ ज्या मुलखांत उभें राहिलें, त्या मुलखाच्या कणगींत कारागिरांना वर्षानुवर्षें पोसण्याइतकें धान्य असलेंच पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडीं राब भाजावा, रोपें वाढवावीं, आषाढांत लावणी करावी, आणि पुढें हळवें, निमगरवें व गरवें अशा क्रमानें पीक कापावें, असें येथील वर्ष चाले. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास पोहोंचली व दोन वर्षांनीं ती पुढें घाटाच्या पायथ्याकडे सरकली, तेव्हां डब्याच्या खिडकींतून प्रवाशांना दुतर्फा दिसलीं तीं भातखाचरेंच.

पीक खळ्यावरून घरांत आलें कीं पुरुषांचें काम संपे आणि स्त्रियांचें सुरू होई. प्रथम जात्यावर भात भरडावयाचें, म्हणजे वरचें तूस सुटे. मग उखळांत घालून मुसळानें कांडावयाचें, सुपानें पाखडून कोंडा वेगळा करावयाचा, कणी निराळी काढावयाची. भाताच्या दाण्याची रचना लक्षांत घेतली म्हणजे या श्रमाचा अर्थ उलगडतो. सर्वांत बाहेर तूस. तें माणसास पचत नाहीं. त्याच्या आंत पिंगट, कांहीं जातींत तांबूस, असा पापुद्रा. यालाच सुटल्यावर आपण कोंडा म्हणतों. दाण्याच्या एका टोकाशीं बारीकसा कोंब. आणि या सर्वांच्या आंत पांढरा, पिठूळ गाभा. मुसळानें कितीहि घाव घातले तरी पापुद्रा सगळा निघत नसे, आणि कोंबहि पुष्कळ अंशीं टिकून राही. नुसतें तूस काढलेला तो असडी तांदूळ. थोडा कांडलेला तो हातसडीचा. घरच्या बाईला जितका वेळ व जितकें बळ असेल, तितका तांदूळ पांढरा होई. पाहुणा आला अथवा सण आला तर चार घाव अधिक, एरव्हीं कमी. अन्नांतील सत्त्व टिकले तें अशा रीतीनें कोणाच्या शास्त्रज्ञानानें टिकलें नाहीं. हात दमत होते म्हणून टिकलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें चित्र पालटूं लागलें. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला. ब्रह्मदेशाच्या तांदळाला युरोपची बाजारपेठ मिळाली व रंगून येथें वाफेच्या गिरण्या धडधडूं लागल्या. तेथला तांदूळ हिंदुस्थानच्या बंदरांतहि उतरूं लागला, आणि मुंबईसारख्या शहरांतील कामकरी वर्गाचें पोट बऱ्याच अंशीं त्याच्यावर चालूं लागलें. दुसरीकडे, ब्राझीलमधील एंगेलबर्ग नांवाच्या गृहस्थानें १८८० नंतरच्या दशकांत एक लहानसें यंत्र काढलें. हेंच आपल्या खेड्यांतून 'हलर' या नांवानें परिचित झालेलें यंत्र. पोलादी नळकांड्यांत भात एकमेकांवर घांसून तें तूस, कोंडा आणि कोंब सर्व एकदमच उतरवून टाकतें. जें काम करतां करतां बायकांच्या दंडांना गोळे येत, तें घटकाभरांत होऊं लागलें. कल्याण-कर्जतच्या बाजूसहि भाताच्या गिरण्या निघाल्या, आणि पुढें गांवोगांवचीं उखळें अंगणांत पालथीं पडलीं.

व्यापाऱ्याला पांढरा तांदूळ सोयीचा होता, कारण कोंड्यांत तेल असतें व तें कालांतरानें खवट होतें. घांसून गुळगुळीत केलेला तांदूळ मात्र वखारींत महिनोन् महिने टिकतो. परंतु केवळ व्यापाऱ्याला दोष देऊन चालणार नाहीं. शुभ्र भात हें सुखवस्तुपणाचें लक्षण आहे अशी आपली समजूत यंत्राच्या आधींपासूनच होती. तांबडा भात गड्यामाणसांचा, पांढरा भात पंक्तीचा! यंत्रानें ही आवड निर्माण केली नाहीं. जी चैन थोड्यांना परवडत होती ती त्यानें सर्वांना स्वस्तांत उपलब्ध करून दिली. काटकसरी गृहिणीला 'कोंड्याचा मांडा करणारी' म्हणून वाखाणणाऱ्या आपल्या समाजानें खरा कोंडा गुरांच्या दावणींत टाकला, आणि त्यांत आपण काय टाकीत आहों याची त्यास कल्पनाहि नव्हती.

ती कल्पना जगाला आली ती आशियाच्या पूर्व टोकाकडून. पाय जड होणें, हातापायांची संवेदना जाणें, अंगावर सूज येणें व शेवटीं हृदय बंद पडणें, अशा लक्षणांच्या बेरीबेरी या रोगानें जपानी आरमार जर्जर झालें होतें. १८८२-८३ च्या सफरींत 'रियूजो' या जहाजावरील ३७६ खलाशांपैकीं १६९ जणांना हा रोग झाला व २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्यानें १८८४ मध्यें 'त्सुकुबा' हें जहाज त्याच मार्गानें पाठविलें, मात्र खलाशांचा आहार बदलून. या वेळीं रोगी मोजकेच निघाले व मृत्यु एकहि झाला नाहीं. ताकाकीला उपाय सांपडला. कारण मात्र त्यानें निराळेंच मानलें होतें. कारणाचा धागा हातीं लागला तो जावा बेटांत, ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याच्या कोंबड्यांमुळें. रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील उरलेला पांढरा भात त्यांना घालीत, तेव्हां त्या लुळ्या पडल्या; पुढें नवा आचारी आला, त्यानें लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचें नाकारलें, आणि साधा असडी तांदूळ मिळूं लागतांच त्या बऱ्या झाल्या. मग फोर्डरमान या अधिकाऱ्यानें १८९६-९७ मध्यें जावांतील १०१ तुरुंगांची पाहणी केली. जेथें असडी तांदूळ देत तेथें दहा हजार कैद्यांमागें सुमारें एकाला बेरीबेरी. जेथें पांढरा देत तेथें ३९ कैद्यांमागें एकाला! इतका बोलका हिशेब वैद्यकाच्या इतिहासांत थोडाच आढळेल.

तथापि आइकमानचाहि तर्क प्रथम उलटाच चालला होता. पांढऱ्या भातांत कांहीं विष असावें व कोंड्यांत त्याचा उतारा असावा, असें त्याला वाटे. भातांत विष नाहीं, जें हवें तें त्यांत नाहीं, ही गोष्ट त्याचा सहकारी ग्रिन्स यानें १९०१ मध्यें मांडली. एखादी वस्तु नसल्यामुळेंहि माणूस आजारी पडतो, हा विचार त्या काळच्या वैद्यकाला अगदीं नवा होता. १९१२ मध्यें काझिमिर फुंक यानें अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हें नांव सुचविलें. १९२६ मध्यें जावांतच यान्सेन व डोनाथ यांनीं तें द्रव्य तांदळाच्या कोंड्यांतून शुद्ध रूपांत वेगळें काढलें. १९२९ मध्यें आइकमानला नोबेल पारितोषिक मिळालें. ज्याला आज आपण ब-१ जीवनसत्त्व अथवा थायामिन म्हणतों, तें हें द्रव्य.

या शोधाचें प्रत्यंतर मराठी माणसानेंहि घेतलें आहे, आणि तें रणांगणावर. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कुट या गांवीं सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनला तुर्कांनीं ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. आंत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्याच्या आरंभीं पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी दिसूं लागली. कोंड्यासकट दळलेला आटा खाणारे देशी शिपाई तिच्यापासून बहुतांशीं मुक्त राहिले. पुढें पांढरें पीठ संपून गोऱ्यांनाहि आटा व सातूचें पीठ खाणें भाग पडलें, तेव्हां त्यांचा रोग हटला. ताजी भाजी व मांस न मिळाल्यानें देशी शिपायांना मात्र स्कर्व्हीनें गांठलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्य शरण गेलें. त्या उपासमारीच्या वेढ्यांतून एवढा बोध राहिला, कीं भरड धान्य हें गरिबीचें चिन्ह खरें, पण तें दुबळेपणाचें कारण नव्हे. आणि एकट्या भरड धान्यानेंहि भागत नाहीं.

त्यानंतर कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना देऊन पाहिले. शीख, पठाण व मराठा आहारांवरचे उंदीर चांगले वाढले. घांसलेला तांदूळ हेंच ज्याचें मुख्य अंग, तो मद्रासी आहार सर्वांत शेवटीं राहिला. येथें मराठी वाचकानें गर्वानें फुगून जाऊं नये. तो मराठा आहार देशावरच्या ज्वारी-बाजरीचा. कोंकण्याचा भात त्या परीक्षेंत बसलाच नव्हता. कोंकणाला तारलें तें दुसऱ्या एका जुन्या चालीनें. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत भात आधीं भिजवून व उकडून मग कांडण्याची रीत आहे. हाच उकडा तांदूळ. उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यांत उतरतें, म्हणून पुढें तो कांडला तरी सगळें सत्त्व जात नाहीं. कुन्नूरच्याच प्रयोगशाळेंतून ॲक्रॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४० मध्यें हिंदुस्थानच्या तांदळाच्या प्रश्नावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत उकड्या तांदळाचा हा गुण विस्तारानें सिद्ध केला आहे. ठाणें-कल्याणच्या बाजूस मात्र खाण्याची चाल सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाची. त्यामुळें येथें हलर आला तेव्हां मधें कोणतीहि ढाल नव्हती. त्यांतच तांदूळ तीन-तीन पाण्यांनीं चोळून धुणें व भात वेळून पेज ओतून देणें या आपल्या संवयी. म्हणजे यंत्रानें जें राखलें असेल तेंहि मोरींत.

हा प्रश्न प्रयोगशाळेंतून लोकांपुढें आणण्याचें श्रेय महात्मा गांधींना दिलें पाहिजे. १९३४ च्या डिसेंबरांत वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हें त्याचें ठाणें, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, हातदळणाचें पीठ, गूळ व घाणीचें तेल या वस्तूंचा पुरस्कार हें त्या संघाचें पहिलें कार्य ठरलें. 'हरिजन' पत्राच्या त्या काळच्या अंकांतून गांधीजींनीं घांसलेल्या तांदळाविरुद्ध सतत लिहिलें. १९४२ मध्यें पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत बंदिवासांत असतांना त्यांनीं आरोग्यावर जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांतहि हा विषय सोडला नाहीं. त्यांचें म्हणणें दुहेरी होतें: गिरणी तांदळाचें सत्त्व नेते, आणि खेड्यांतील गरीब बाईची कांडणाची मजुरीहि नेते.

दोन्ही विधानें खरीं होतीं. तरीहि मुसळाचा आवाज घराघरांतून पुन्हां उठला नाहीं. याचें कारण आपल्या शिक्षित वर्गानें बहुधा 'लोकांची रुचि बिघडली' एवढ्यावर भागविलें. पण खेड्यांतील बाईला विचारलें असतें तर तिनें निराळें उत्तर दिलें असतें. पहांटे उठून जातें, मग पाणी, मग शेत, आणि दुपारीं उखळ. गरोदरपणांत व बाळंतपणानंतरहि त्यांतून सुटका नाहीं. असा ज्यांचा जन्म गेला, त्यांना गिरणीचा भोंगा मुक्तीच्या घंटेसारखा वाटला तर त्यांत नवल काय? मजुरीनें कांडणारीची पोळी गिरणीनें हिरावली हें खरें. पण स्वतःच्या घरीं फुकट कांडणारीची पाठ तिनेंच मोकळी केली. हातसडीच्या तांदळाचे गुण गाणाऱ्यांत स्वतः मुसळ हातीं धरणारे किती होते, हा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारला नाहीं. म्हणूनच शास्त्र, देशभक्ति व सदिच्छा हीं तिन्ही पाठीशीं असूनहि पुष्कळशी चळवळ, आपल्याच म्हणीप्रमाणें, मुसळ केरांत अशी झाली.

पुढें काळानें असे कांहीं फांसे टाकले कीं उखळ ठेवावयास जागाच उरली नाहीं. १९४२ च्या मार्चमध्यें जपान्यांनीं रंगून घेतलें व ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत शिधापत्रिका आली. जो तांदूळ मिळेल तो पदरांत पाडून घ्यावयाचा, हा नियम झाला. याच युद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली, आणि फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून उखडून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव दिलें. या लोकांपैकीं लारकान्याकडचे लोक मोठ्या तांदूळ पिकविणाऱ्या मुलखांतून आले होते. एका भातखोऱ्यांतून निघून दुसऱ्या भातखोऱ्यांत पोहोंचलेल्या या माणसांना जमिनीचा तुकडा नव्हता, खळें नव्हतें. होतें तें बराकीच्या एका पडद्याआडचें बिऱ्हाड. त्यांनीं पापड लाटले, दुकानें थाटलीं, कारखाने काढले आणि शिध्याचा तांदूळ शिजविला. जे पिकवीत नाहींत त्यांना आपला तांदूळ कोणी कसा सडला हें ठरवितां येत नाहीं. या बाबतींत उल्हासनगरनें तेव्हां जें अनुभवलें, तेंच पुढें अंबरनाथ व बदलापूर यांच्याहि वांट्यास आलें.

सरकारनेंहि हातसडीला हात देऊन पाहिला. १९५८ च्या कायद्यानें तांदळाच्या नव्या गिरण्यांस परवान्याचें बंधन घातलें. १९९७ मध्यें तो कायदा रद्द झाला. दरम्यान बेरीबेरी आपल्याकडून बहुतांशीं हटली. पण तिचें श्रेय हातसडीला देतां येणार नाहीं. लोकांच्या ताटांत डाळ, भाजी, गहूं व दूध अधिक येऊं लागलें, त्याचा हा परिणाम. मग आज असडी तांदळाचें प्रयोजन काय?

प्रयोजन आहे, मात्र रोग बदलला आहे. आंकडे पाहूं. जातीप्रमाणें कमी-अधिक होतें. पण शंभर ग्रॅम असडी तांदळांत ब-१ जीवनसत्त्व सुमारें ०.३ ते ०.४ मिलिग्राम, तर शुभ्र तांदळांत ०.०५ ते ०.०७ मिलिग्राम भरतें. उकड्याचा क्रम या दोहोंच्या मधें लागतो. चोथा व मॅग्नेशियमहि असडी तांदळांत स्पष्टपणें अधिक. आजचा आपला शत्रु मधुमेह आहे. अमेरिकेंतील वैद्यकीय व्यवसायांतल्या स्त्री-पुरुषांच्या दीर्घ पाहणीवरून हार्वर्डच्या संशोधकांनीं २०१० मध्यें असें दाखविलें कीं रोज ५० ग्रॅम पांढऱ्या तांदळाच्या जागीं तितकाच असडी तांदूळ आला, तर मधुमेहाचा संभव सुमारें १६ टक्के कमी दिसतो. असडी तांदळानें जेवणानंतरची रक्तांतील साखर कमी चढते, असें मद्रासच्या मधुमेह-संशोधकांनाहि आढळलें आहे. परंतु अशा पाहणींतून संबंध दिसतो, औषधाची हमी मिळत नाहीं. भात असडी केला म्हणून दुप्पट खाण्याची मुभा नाहीं. कोंड्यांतील फायटिक आम्ल लोह शोषूं देण्यांत थोडा अडथळा करतें. जेथें जमिनींत अथवा पाण्यांत आर्सेनिक असतें, तेथें तेंहि कोंड्यांतच अधिक सांठतें. आणि मूत्रपिंडाच्या रोग्यानें वैद्याला विचारल्यावांचून हा पालट करूं नये. रोज वरणभात जेवणाऱ्या निरोगी कुटुंबाला मात्र हा पालट हितकर आहे, एवढें निःशंकपणें म्हणतां येईल.

आणि यासाठीं आतां कोणाची पाठ मोडावयास नको, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रबरी रुळांच्या यंत्रांत भाताचें नुसतें तूस निघतें. कोंडा व कोंब जागच्या जागीं राहतात. घांसण्याचें काम पुढच्या यंत्राचें, आणि तें आपण सांगूं तेव्हांच थांबतें. म्हणजे यंत्र आणि सत्त्व यांचें वैर कधींच नव्हतें. वैर होतें तें सत्त्वाचें आणि शुभ्रतेच्या हौसेचें. १९३५ सालीं वर्ध्याला जो पेंच सुटला नाहीं, तो आज कर्जतच्या कोणत्याहि गिरणींत सुटण्यासारखा आहे. गृहिणीनें एवढेंच करावें: तांदूळ थोडा थोडा आणावा म्हणजे खवट होणार नाहीं, दोन-तीन तास भिजत घालावा, पाणी अंमळ जास्त ठेवावें, भिजविलेलें पाणी फेंकूं नये व भात वेळूं नये.

एक शल्य राहतेंच. ज्या खाचरांतून हें धान्य आलें, तीं बदलापुराभोंवतीं वर्षागणिक कमी होत आहेत. भाताच्या बांधांवर आतां इमारती उभ्या आहेत. लग्नांतल्या घाण्याच्या वेळीं आंब्याचीं पानें बांधून पुजलेलें मुसळ, एवढीच त्या जुन्या श्रमाची खूण कित्येक घरांत उरली आहे. तें मुसळ पुन्हां रोजच्या कामाला जुंपावें असें कोणीहि सुज्ञ माणूस म्हणणार नाहीं. पण त्याच्या घावांतून जो पिंगट पापुद्रा वांचत असे, तो राखण्याइतका विवेक आपल्याजवळ असावयास हरकत नाहीं. त्यासाठीं पंक्तींत तांबूस भात वाढला गेला असतां वाढणाऱ्या माउलीला ओशाळें वाटूं नये, एवढें आपण जेवणाऱ्यांनीं केलें तरी पुष्कळ झालें.